सूतभर बाहेर राहिलेली पिन

रश्मी साळवेला ओळखणारे नगरच्या नागापुरात आता फार उरले नसतील. ती पारनेर तालुक्यातली. वडील लहानपणीच गेले, आई भागिरथी गावात अंगणवाडीची मदतनीस. नगरला मावशीकडे राहून रश्मीने वर्षभराचा कॉम्प्युटर कोर्स केला आणि १९९९च्या गणपतीच्या सुमारास आमच्या रंगनाथशेठच्या वर्कशॉपच्या माडीवर नोकरीला लागली. पुढे ती पुण्याला गेली, चांगल्या हुद्द्यावर चढली असं ऐकतो. मी, काकासाहेब, खाली लेथवर टर्नर होतो. तेव्हा माझी त्या कामात सतरा वर्षं भरली होती आणि आपल्याला कळत नाही असं यंत्र जगात नाही, अशी माझी समजूत होती. तिची गोष्ट सांगायची म्हणजे माझीच शोभा आहे, पण सांगतो.

पुढचा जमाना कॉम्प्युटरचा, हे शेठच्या डोक्यात कुणीतरी भरवून दिलं होतं. म्हणून माडीवर क्लास काढायचा आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर उद्घाटन करायचं ठरलं. कॉम्प्युटर एकच आणला, पण आवाजाचा. आमच्या बाजूला तोवर जे दिसले ते सगळे मुके. शेठनी गुलाबी कागदावर 'बोलणारा कॉम्प्युटर पाहायला या' असं छापून कारखान्यांच्या गेटवर वाटलं. दसऱ्यापर्यंत काम बघू आणि मग कायम करू, असं त्यांनी रश्मीला सांगितलं होतं. शेठच्या मंडळी आक्काबाई. त्यांची भाची अश्विनी हाच कोर्स करून घरी बसलेली आहे, ही बातमी पहिल्याच आठवड्यात कुणीतरी रश्मीच्या कानावर घातली. तेव्हापासून जिन्यावर शेठची पावलं वाजली की पोरगी खुर्चीतून अर्धी उठायची.

तशी ती बुजरी नव्हती. जेवणाच्या सुट्टीत मी वर जायचो तेव्हा मला माउस धरायला शिकवायची. मी तो असा आवळायचो की तिला हसू यायचं. काका, हा लेथचा दांडा न्हाई, असं म्हणायची आणि माझी बोटं एकेक करून सोडवायची. घरात मला कुणी इतक्या मायेने काही शिकवलेलं नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा असते. लेथ, ड्रिल, ग्राइंडर पुसायचे, झेंडूची माळ घालायची, कुंकू लावायचं. माझी रीत अशी की लेथच्या प्रत्येक तेलाच्या भोकाला ओल्या कुंकवाचं बोट आणि वर चार अक्षता. यंत्र तिथूनच जेवतं, असं माझे उस्ताद म्हणायचे. शेठ म्हणाले, वरच्यालाही लावून टाक. रश्मीने सकाळीच सगळ्या वायरी काढून कॉम्प्युटरचा डबा लख्ख पुसून ठेवला होता. शेठनी तिला ताटाला हात लावायला बोलावलं, तशी ती हळूच म्हणाली, "शेठ, आमच्यात करत न्हाईत. मी भायेर थांबते."

शेठ बरं बरं म्हणाले. आक्काबाईंनी मात्र माझ्याकडे असं पाहिलं की मीच मान खाली घातली. रश्मी जिन्यात जाऊन उभी राहिली. मी डब्याची पाठ बघितली तर भोकंच भोकं. एकेकाला बोट लावलं, अक्षता चिकटवल्या. पूजा झाल्यावर नव्या वस्तूला डाग नको म्हणून वरून फडकंही फिरवलं. झकास काम झालं असं वाटून मी घरी गेलो.

दसऱ्याला साडेआठला रश्मी आली तेव्हा मी दाराला तोरण बांधत होतो. तो त्यांचाही मोठा दिवस, धम्मचक्र प्रवर्तनाचा. गावच्या विहारात सगळे जमणार होते आणि उद्घाटन उरकून ती दुपारच्या एसटीने आईकडे निघणार होती. तिने वायरी जोडल्या, मशीन चालू केलं. चालू होताना एक धून वाजायची. ती वाजली नाही.

पहिल्यांदा तिने मनावर घेतलं नाही. स्पीकरचा दिवा लागलेला होता. पडद्याच्या कोपऱ्यातलं भोंग्याचं चित्र उघडून तिने आवाज पाहिला, तर तो पूर्ण वर होता. स्पीकरची पिन काढून घातली. तीनदा काढली, तीनदा घातली. मग तिने माझा छोटा टेप खालून आणायला लावला आणि स्पीकर त्याला जोडला, तर भजन खणखणीत वाजलं. म्हणजे स्पीकर धड होता, दुखणं डब्यात होतं. मशीनबरोबर आलेली सीडी घालून तिने आवाजाचा प्रोग्राम काढून टाकला, परत भरला आणि मशीन बंद करून चालू केलं. ते चालू होईपर्यंत तिने ओढणीचं टोक बोटाला इतकं आवळलं की बोट पांढरं पडलं. तरी आवाज नाहीच. मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या निळ्या पडद्यावर जाऊन तिने आणखी एक सेटिंग तपासलं. तिथे सगळं चालू दाखवत होतं.

तिने दुकानदाराच्या घरी फोन लावला. सणाच्या दिवशी उठवल्यामुळे तो वैतागला होता. म्हणाला, ह्या मॉडेलमध्ये आवाजाचं वेगळं कार्ड नसतं, आवाजाचा भाग मेन बोर्डातच बसवलेला असतो. तो गेला असेल तर बोर्ड गेला. पुण्याला पाठवावा लागेल, पंधरा दिवस धरा. कुणी वायरी ओढल्या होत्या का, असंही त्याने विचारलं. फोन ठेवून रश्मी माझ्याकडे वळली.

"काका, वायरी मीच काढल्या हुत्या."

मी म्हणालो, काही नाही होत गं. खोटा धीर द्यायला काय जातं.

दहा वाजता शेठ आणि आक्काबाई आले. आक्काबाईंनी मुक्या डब्याकडे पाहिलं, मग रश्मीकडे. "काल हात जोडले असते तर झिजले असते का?" एवढंच म्हणाल्या. शेठ त्यांना गप्प करतील असं मला वाटलं होतं. त्यांनी घड्याळ बघितलं आणि अकरापर्यंत हा बोलला पाहिजे, नाहीतर अश्विनीला बोलवून घ्यावं लागेल, असं सांगून ते खाली खुर्च्या मांडायला गेले. ते चिडले नव्हते, म्हणूनच ते ऐकायला जास्त वाईट होतं. रश्मी गुडघ्यावर बसली होती. तिने डब्याची पाठ घाईने स्वतःकडे फिरवली.

डबा फिरला आणि मला दिसलं. शेजारी शेजारी दोन पिना होत्या, माइकची आणि स्पीकरची. माइकची पार टेकलेली, स्पीकरची जेमतेम सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग, बाहेर. दुसऱ्या कुणाला ते दिसलं नसतं, पण मी सतरा वर्षं सूत मोजूनच पोट भरत होतो. भोकाच्या तळाशी काहीतरी आहे. काय आहे, तेही मला त्याच क्षणी कळलं.

मी बोललो नाही. दुसरं काही कारण नव्हतं, मी भ्यालो. पुण्याला जाणारा बोर्ड माझ्या नावावर पडेल, आक्काबाई दारात उभ्या आहेत, शेठ आजवर मला मिस्त्री म्हणून मान देतात, हे सगळं एकदम डोक्यात आलं. समोर एका पोरीची नोकरी जातेय आणि मी माझी इज्जत सांभाळत होतो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्यापाठचा ब्रह्मराक्षस तिच्या मानगुटीवर बसला होता आणि मी तो बसू दिला.

तिने स्वतःच शोधलं. डोळे मिटून तिने दोन्ही पिनांवरून बोट फिरवलं, परत फिरवलं आणि थांबली. मशीन बंद केलं, वीजही काढली. स्पीकरची पिन उपसून भोकाला डोळा लावला. मग केसातली पिन काढून दातांनी सरळ केली आणि हळूहळू आत घातली. मी तोवर देवाला काय काय बोललो ते सांगत नाही. तिच्या तळहातावर एक तांदळाचा दाणा पडला, कुंकवाने लाल झालेला. मागून दुसरा, तुटका.

तिने दाण्यांकडे पाहिलं, मग वर माझ्याकडे. पूजा कुणी केली हे तिला ठाऊक होतं. जिन्यावर माणसांची गडबड सुरू झाली होती. आईबाप मुलांना घेऊन येत होते, एकमेकांना आपट्याची पानं देत होते. शेठ घाईने आत आले आणि काय झालंय म्हणून विचारू लागले. रश्मीने मूठ मिटली.

"पिन नीट बसली नव्हती, शेठ. माझ्याकडून राहिलं."

मशीन चालू केलं आणि धून वाजली. मुलांनी टाळ्या पिटल्या. शेठचा जीव भांड्यात पडला, आणि तो पडल्यावर त्यांना राग आला. वीस माणसांदेखत त्यांनी तिला सुनावलं की आमच्याकडे काम करायचं तर डोळे उघडे ठेवून करायचं, सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवलंस. ती हो म्हणाली. मी पेढे वाटत होतो. परात माझ्या हातात होती आणि तिच्यामागे मी बरा लपलो होतो.

बारा वाजता ती पिशवी घेऊन खाली उतरली तेव्हा मी तिला जिन्यातच गाठलं. म्हटलं, चूक माझी होती, तुला माहीत होतं, मग तू अंगावर का घेतलीस? तिला माझा राग आला असेल असं वाटलं होतं. ती फक्त दमलेली होती.

"काका, तुमी सांगितलं असतं तर शेठनी तुमाला हसून सोडलं असतं. मी सांगितलं असतं, की पूजेच्या तांदळानं मशीन बंद पडलं, तर मला सोडलं असतं का?"

ती निघाली. एसटी चुकली असती.

रात्रभर ते वाक्य मला खात राहिलं. दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या गेल्या मी शेठसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, भोकं, कुंकू, अक्षता. शेठ पोट धरून हसले. काकासाहेबाने कॉम्प्युटरला जेवू घातलं, असं त्यांनी चहाच्या वेळी सगळ्यांना सांगितलं. आक्काबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. वर्षभर माझी त्यावरून थट्टा चालली आणि ती प्रेमाची थट्टा होती. शेठनी रश्मीला कायम केलं. पण माडीवर जाऊन, पोरी, तुझी चूक नव्हती, एवढं तिला कुणी म्हणालं नाही. आणि तिला तसं म्हणा, असं मीही कुणाला सांगितलं नाही.