संडासाची चावी माझ्या गळ्यात

मी दुसरीपर्यंत शिकलो. पण कारखान्यात बोलायची वेळ आली की सगळे माझ्याच तोंडाकडे बघत. शनवारा वेशीच्या पुढं आमचा परकर शिवायचा कारखाना. तक्रारीची तिथं एक रीत होती. एकट्यानं बोलायचं नाही. सगळ्यांनी एकदम मशीनवरून पाय काढायचा. खडखड थांबली की मॅनेजर धावत यायचा, मग सगळ्यात म्हाताऱ्यानं बोलायचं. म्हातारा मी.

त्या उन्हाळ्यात मॅनेजरनं बायकांच्या संडासाला कुलूप लावलं. आत गप्पा मारतात म्हणे. चावी त्याच्या टेबलावर. कडा शिवायच्या ओव्हरलॉक मशीनवर नदीपलीकडच्या जैनाबादची एक बाई होती, तिला मुतखडा. चावी मागायला नको म्हणून ती पाणीच पिईना. बसल्या बसल्या कण्हायची.

एका सकाळी सगळ्यांनी पाय काढले. मी म्हणालो, "कुलूप काढा."

मॅनेजर हसला. "चाचा, कुलूप तर मालकाचं आहे. चावी तुम्ही ठेवा. आता खूश?"

त्यानं ती सुतळीत ओवून सगळ्यांसमोर माझ्या गळ्यात घातली. पोरींनी टाळ्या वाजवल्या. मी मान ताठ ठेवली.

पण मागायला एकही बाई येईना. बापाच्या वयाच्या माणसाकडं कसं मागणार! मॅनेजर येता-जाता डिवचायचा, "काय चाचा, दुकान चालत नाही वाटतं?" मी चावी खिळ्याला टांगली. त्यानं उचलून परत गळ्यात घातली.

शेवटी ती ओव्हरलॉकवालीच आली. खाली बघत म्हणाली, "बाबा, द्या ना." मग दिवसभर येत राहिली. पाणीही प्यायला लागली.

मॅनेजरनं विचारलं, "सारखी कोण जाते?"

"मी चहाड्या करत नाही," मी म्हणालो.

त्याला माझी गरजच नव्हती. माझा गळा रिकामा दिसला की तो कोणतं मशीन रिकामं आहे ते बघायचा. शनिवारी त्यानं तिला सांगितलं, "बीमार बाई नको आम्हाला. सोमवारपासून येऊ नको."

सोमवारी मी सगळ्यांदेखत दगडानं कुलूप फोडलं. त्यानं दुसरं लावलं नाही. मला काढलंही नाही.

संध्याकाळी पूल ओलांडून तिच्या घरी गेलो. ती उंबऱ्यावर तांब्या घेऊन बसली होती. कुलूप फोडल्याचं सांगितलं.

"आधी दगड मिळत नव्हता का, बाबा?"

"आधी बोलावं लागतं," मी म्हणालो. आजही तेच म्हणेन.

"हो. तुमचं बोलून झालं, माझं काम गेलं," ती म्हणाली, आणि उठून आत गेली.