शेकड्यावरचे चार

कमलाक्षीबाईंची यादी एकदा शाळेच्या फळ्यावर लागली की लागली. वीस वर्षांत ती बदलायला सांगण्याची छाती कुणा पालकाची झाली नव्हती, मुख्याध्यापक रघुनाथसरांचीही नाही. बाई मूळच्या डिचोलीच्या, नोकरदारांच्या घरातल्या. पेडण्याजवळच्या पार्से गावातल्या या मराठी शाळेत गणित शिकवायला आल्या आणि इथल्याच झाल्या. दर जूनमध्ये सहावीच्या साठ मुलांची त्या स्वतः परीक्षा घेत. पहिली तीस वरच्या तुकडीत, उरलेली खालच्या. वरच्यांना पुढे बीजगणित, खालच्यांना पुन्हा तीच बेरीज-वजाबाकी.

सत्त्याऐंशीचा जून होता. गोवा नुकतंच राज्य झालं होतं आणि शिक्षकांच्या खोलीत कोकणी की मराठी यावरून रोज चहा गार होत होता. "भांडा हो खुशाल, पण सातानं भागायचं कसं ते दोन्ही भाषांत शिकवा," असं म्हणून बाई पेपर तपासायला घेत. त्या वर्षीचा पेपर त्यांनी हौसेनं काढला होता. गणितं गावातली हवीत म्हणून दहापैकी चार नारळांची!

त्या चारांतच सुप्रिया नावाच्या पोरीची दांडी उडाली. एका पाडणीत साडेतीन शेकडे नारळ, तर चार पाडण्यांत किती? चौदाशेच्या जागी पोरीनं लिहिलं होतं चौदाशे छप्पन्न, तेही रीत न दाखवता. बाईंनी लाल फुली मारली, बाजूला 'अंदाजपंचे' असा शेरा ठोकला आणि तिला खालच्या तुकडीत टाकलं.

पुढच्या आठवड्यात पावसानं उघडीप दिली, तेव्हा शंभू पाडेली शाळेच्या आवारातले नारळ पाडायला आला. शंभू म्हणजे सुप्रियाचा बाप. माडावरून उतरला आणि दोन्ही हातांनी नारळ मोजून रास लावू लागला. शंभर झाले, तसे त्यानं आणखी चार उचलून त्याच राशीवर टाकले.

"शंभू, शंभर झाले की! हे चार कशाला?" व्हरांड्यातून बाईंनी विचारलं.

"वयर घालूक व्हये, बाई. एखादो किडको, एखादो फुटको निघता. घेणाऱ्याक शंभर बरे गावाक व्हये मा? आमचो शेकडो असोच." मग मान खाली घालून तो म्हणाला, "माज्या चेडवाक गणीत जमना नाय म्हणतत. सातवी जाली काय घराकडेच ठेवतलंय तिका. उगीच कित्याक तिचे हाल?"

डिचोलीच्या बाजारातून बाईंच्या घरी नारळ यायचे ते दोन नाहीतर चार, शेकड्याशी कधी गाठच पडली नव्हती. त्या तडक कपाटाकडे गेल्या आणि सुप्रियाचा पेपर पुन्हा काढला. साडेतीन शेकडे म्हणजे तीनशे चौसष्ट, त्याची चौपट चौदाशे छप्पन्न. बाकीची तीनही उत्तरं तशीच, एकशे चारच्या हिशोबानं बिनचूक. आणि विटांच्या गणितात पोरीनं शेकडा शंभराचाच धरला होता! बाईंनी सोपं विचारलं होतं, पोरीनं अवघड सोडवलं होतं, तेही तोंडी. बाईंना स्वतःची मनस्वी लाज वाटली, आणि त्याहून कितीतरी जास्त त्या पोरीचा अभिमान.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेसमोर त्या म्हणाल्या, "सुप्रियाचा पेपर मी चुकीचा तपासला. चूक माझी, दहापैकी दहा तिचे." सुप्रिया रडकुंडीला आली. घाबरत तिनं विचारलं, "मगे आता शेकडो कितक्याचो लिवू, बाई?"

"पेपरात शंभराचा. बागेत तुझ्या बाबांचा."

कुंपणाबाहेर कोयता घेऊन उभा असलेला शंभू हे ऐकत होता. त्यानं डोक्याचा पंचा सोडला, तोंड पुसलं, आणि तासाभरानं येऊन विचारलं ते एवढंच, "बाई, सातवीच्या पुढची शाळा म्हापशाक काय पेडण्याक?"

बाईंनी यादी उतरवली आणि नवी लावली. रघुनाथसर चष्मा सावरत जवळ आले. "बाई, सुप्रियाचं नाव आलं ते ठीक. पण खाली या चार रिकाम्या ओळी कसल्या? यादी तिसांची ना?"

"शेकड्यावरचे चार, सर," बाई म्हणाल्या. "माझ्या मोजण्यातही किडकं-फुटकं निघतं. वर्षभरात ज्याची उत्तरं मला वाचता आली नाहीत असं कळेल, त्याचं नाव तिथे येईल."

बाई निवृत्त होईपर्यंत ती यादी चौतिसांचीच राहिली, आणि एकाही वर्षी त्या चार ओळी रिकाम्या राहिल्या नाहीत.