न चाळलेली माती

केरेन चेऊलकरच्या हातची घरं कधी सरळ नसायची. पनवेलजवळ विचुंब्यात एका इमारतीच्या तळमजल्यावर तिची भट्टी होती. तिथे ती चिनीमातीच्या वस्तू करायची आणि त्या म्हणजे सगळा वात्रटपणा. किटली म्हणजे गच्चीवरची पाण्याची टाकी. चार कप एकावर एक चढवले की चार मजली बिल्डिंग उभी, आणि मधलाच कप कुणी ओढला तर वरचे भाडेकरू रस्त्यावर. साखरेच्या एका भांड्याचं दार तर बुडाला होतं. ते बघायला भांडं उलटं करावं आणि साखर सांडावी. "घर सोडताना काहीतरी सांडायचंच," ती गिऱ्हाइकांना सांगायची, आणि लोक हसत हसत पैसे मोजायचे.

तिचे वडील आयझॅक मात्र हसायचे नाहीत. चष्मा पुसून प्रत्येक घर निरखायचे आणि विचारायचे, "संडास कुठाय गं? माणसं राहायची कशी?" पुढच्या घरात केरेन मुद्दाम संडास काढायची, तोही दिवाणखान्याच्या मधोमध.

आई, अबीगेल, गेली आणि आयझॅक पनवेलच्या घरात एकटे उरले. केरेन दिवसभर भट्टीवर. ते दोनदा पडले, दुसऱ्यांदा तर संध्याकाळपर्यंत मोरीतच पडून होते. तिचा धाकटा भाऊ मोशे इस्रायलमध्ये अश्दोदला स्थायिक झालेला, बायको घरी असायची. तो केव्हाचा बोलावत होता. शेवटी केरेननेच हात जोडले, "पप्पा, जा तुम्ही. माझ्या जिवाला घोर लागतो."

"अबीगेल येत असेल तर येतो," ते म्हणाले.

त्यांचा हट्ट साधा होता. कबरस्तानात आईच्या शेजारची जागा त्यांनी स्वतःसाठी राखली होती. येणाऱ्याजाणाऱ्याला बजावायचे, "तिथे पाय देऊ नका, ती माझी खोली आहे." ती सोडून जायचं तर आई सोबत हवी. त्यांच्या ज्यू समाजात कुणी गेलं की कबरीत जेरुसलेमची चिमूटभर माती घालतात. आयझॅकचं म्हणणं, तिकडची माती इकडे चालते, मग इकडची तिकडे का नको? आईच्या कबरीवरची माती घे आणि तिचं घर कर. ते घेऊन मी जातो.

केरेनने ओंजळभर माती आणली. बाहेरची माती कालवायची आणि बारीक चाळणीतून गाळायची, हे ती नवशिक्यांना ओरडून ओरडून शिकवायची. तिने चाळणी हातात घेतली खरी, पण चाळणीवर जे उरेल ते टाकायचं कुठे? मोरीत? आईतलं काय ठेवायचं आणि काय फेकायचं, हे ठरवणारी मी कोण? तिने चाळणी खाली ठेवली आणि माती तशीच मळली.

घर छान भाजून निघालं. लालसर भिंती, उतरतं छप्पर. छप्पर उचललं की आत चहाचे दोन इवलेसे कप. आयझॅकनी ते विमानात मांडीवरून खाली ठेवलं नाही.

काही आठवड्यांनी त्यांचा फोन आला. "छपराचा टवका उडाला गं. कुणी हात लावला नाही, कपाटावर नुसतं होतं."

केरेनने विचारलं, "टवक्याखाली पांढरा ठिपका आहे?"

"आहे."

शिंपली. खाडीकाठची माती ती, शिंपल्यांचा चुरा असणारच. भट्टीत त्याचा चुना होतो, मग तो हवेतलं पाणी पिऊन फुगतो आणि आतून फोडत राहतो. आता कशानेही थांबणार नव्हतं. अबीगेलने जन्मात शिंपल्या उंबऱ्याच्या आत येऊ दिल्या नव्हत्या. धर्मात बसत नाही म्हणून शेजारणीचं तिसऱ्यांचं कालवणही ती दारातूनच परत पाठवायची. आणि तिच्या घराच्या भिंतींत मुलीने शिंपल्याच भरल्या.

"चूक माझी आहे पप्पा," केरेन रडत म्हणाली. "मी चाळली नाही. मला आईला चाळवेना."

ते म्हणाले, "बरं केलंस. चाळली असतीस तर मला कळलं असतं."

त्यानंतर रोज काहीतरी पडायचं. खिडकी गेली, भिंत गेली. ते सगळा चुरा बिस्किटांच्या डब्यात भरून ठेवायचे. "हिला इथली हवा मानवली नाही," म्हणायचे. आणि एकदा अगदी हळू, "मला परत ने गं." डॉक्टर विमानात बसू देईनात. केरेन प्रत्येक फोनवर "नेते हं" म्हणायची. ती खोटं बोलत होती आणि दोघांनाही ते ठाऊक होतं.

ते गेले तेव्हा त्यांच्यातल्या रीतीप्रमाणे त्याच दिवशी दफन झालं. केरेन पोचणार कशी? मोशेने फोन धरला, तिने विचुंब्यातून पाहिलं. त्याने डबा उघडला आणि तो चुरा वडिलांच्या उशाशी ओतला. दोन कप तेवढे अजून शाबूत होते.

दुसऱ्या दिवशी केरेन कबरस्तानात गेली. आईच्या कबरीवर तिने भेटीची खूण म्हणून एक खडा ठेवला. गवत काढणाऱ्या दत्ताने आयझॅकची जागा नेहमीसारखी साफ केली होती.

"बाबा कवा येनार हायेत?" त्याने विचारलं. "ही जागा त्यांच्यासाठीच ठेवायची ना?"

"नको," केरेन म्हणाली. "देऊन टाक कुणालाही."