काट्यांचं साल

बारावी झाल्यावर प्रणालीनं रसायनशास्त्राला अर्ज केला होता. तिचे वडील, जीवन, रसायनांच्या एका कारखान्यात कामाला होते. मुलगी तिथंच प्रयोगशाळेत लागेल, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. प्रवेश होईपर्यंत घरी बसण्यापेक्षा बरं, म्हणून ती म्हसळ्याच्या एका सेवा केंद्रात लोकांचे अर्ज भरायला जाऊ लागली.

एके दिवशी तिच्याच गावच्या बौद्धवाडीतली रखमा तिथं आली. पेन्शनचा अर्ज वयामुळे परत आला होता. आधार कार्डावर जन्म होता एक जानेवारी १९६८चा, म्हणजे छप्पन्न वर्षं. लागत होती पासष्ट.

"आजी, खरा जन्म कधीचा?"

"तारीख कोन सांगनार, बाय? वाडीनं देव सोडले, बुद्धाचा धर्म घेतला, तवा मी आईच्या कडेवर होते. त्याच साली तुमच्या आळीनं आमच्या पानवठ्यावर काटे टाकले. आई पार खालच्या गावातनं पानी आनायची."

एवढं सांगून रखमा आता कुठला कागद लागेल ते विचारू लागली. प्रणालीला पुढचं ऐकूच आलं नाही. बारा वर्षं ती त्या पाणवठ्यावरून शाळेत गेली होती.

घरी जेवताना तिनं आजोबांना, दत्तारामांना विचारलं. ते अर्ध्या ताटावरून उठले.

"जुनं उकरून काय मिळणार?" जीवन म्हणाले. "तू तुझ्या अ‍ॅडमिशनचं बघ."

पण तिचं कशात चित्त लागेना. आळीत विचारलं तर एक म्हणाला, असं काही झालंच नाही. दुसरा म्हणाला, कुरापत वाडीनंच काढली. दोन्ही कसं खरं असेल?

चौथ्या दिवशी दत्तारामांनी तिला पडवीत बोलावलं. "काटे मी टाकले. करवंदीच्या फांद्या तोडून आणल्या. बापानं सांगितलं, मी टाकले. सातवीत होतो."

तिनं ट्रंकेतून त्यांचा शाळेचा दाखला काढला. सातवी, १९५७. म्हणजे रखमा सदुसष्ट-अडुसष्टची. दाखला घेऊन ती तशीच वाडीत गेली आणि सगळं सांगून बसली.

रखमानं कागद हातात घेतला. "दत्तारामानं टाकले व्हय," एवढंच म्हणाली.

परत येताना प्रणालीला वाटलं, आपण हे सांगायला नको होतं. मग वाटलं, न सांगून कसं चाललं असतं?

कचेरीत तो पुरावा चालला नाही. शेवटी अलिबागच्या सरकारी डॉक्टरांनी तपासून वयाचा दाखला दिला, तेव्हा रखमाची पेन्शन सुरू झाली. त्याच आठवड्यात प्रणालीनं अलिबागच्या कॉलेजात रसायन सोडून इतिहास घेतला.

"नोकरी कोण देणार?" जीवननी विचारलं.

"माहीत नाही, बाबा. पण हे असं अर्धवट टाकून मला दुसरं काही शिकता येणार नाही."

महिनाभर ते तिच्याशी धड बोलले नाहीत.

आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गात प्रत्येकानं आपल्या गावातली एक घटना माणसांना विचारून लिहायची आहे. ती वही घेऊन दत्तारामांपुढे बसली, तेव्हा ते म्हणाले, "सगळं लिही. पण माझं नाव घालू नकोस."

रखमाला विचारलं तर ती म्हणाली, "नाव घाल. माझंबी घाल आन् त्याचंबी."

सोमवारी वही द्यायची आहे. प्रणालीनं ते पान दोनदा लिहिलं, एकदा नावासकट, एकदा नावाशिवाय. दोन्ही पानं तिच्या पिशवीत आहेत.