पियानो चुकवणारं पाऊल

मी याद्या करते. किराण्याची, कुठल्या आठवड्यात कचऱ्याचं कुठलं बिन बाहेर ठेवायचं त्याची, कपाटातल्या मसाल्यांची. त्यामुळे लंडनजवळच्या वॉटफर्डमध्ये मंगळवार सकाळच्या ताइ चीच्या क्लासला जायला लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी घरी येऊन वही उघडली.

आमच्या टीचर मूळच्या हाँगकाँगच्या. वय सत्तरीपुढे, उंची माझ्या खांद्याइतकी, आवाज मात्र चर्चच्या हॉलच्या दोन्ही टोकांना पुरणारा. त्या शिकवायच्या तो एकशे आठ हालचालींचा सलग क्रम. त्याला सगळे फॉर्म म्हणतात. बगळा पंख पसरतो, साप खाली सरकतो, हात ढगांसारखे वाहतात, आणि हे सगळं इतकं सावकाश की मला मधेच फ्रीजमधलं दही संपल्याचं आठवायचं. टीचरनी तो तरुणपणी एका इमारतीच्या गच्चीवर त्यांच्या गुरूंकडून घेतला होता. "त्यात मी काही बदललेलं नाही," असं त्या अधूनमधून ऐकवायच्या.

माझ्या वहीत पाच रकाने झाले: क्रमांक, नाव, पाय, हात, दिशा. पूर्व-पश्चिम कोणाला कळणार, म्हणून हॉलच्या चार बाजूंना जे होतं त्यावरून दिशा लिहिल्या: दार, खिडकी, किचन आणि पियानो.

नवऱ्याने वही चाळली. तो ब्रॅकनेलला सॉफ्टवेअरमध्ये आहे. "आमच्याकडे याला डॉक्युमेंटेशन म्हणतात," तो म्हणाला. "ते कधीच खरं नसतं."

"तुमच्याकडे ते तू लिहितोस म्हणून."

दोन वर्षांनी टीचरचा गुडघा बदलायचं ठरलं. चार महिने त्या येणार नव्हत्या आणि त्यांच्या जागी कोणी नव्हतं. निघायच्या दिवशी त्या माझ्या वहीवर बोट आपटत म्हणाल्या, "तू घे क्लास. तुझ्याकडे सगळं लिहिलेलं आहे. पण परत आल्यावर मला माझा फॉर्म ओळखू आला नाही, तर मी घरी बसून टीव्ही बघेन. या वयात नव्याने भांडत बसायची हौस नाही मला."

त्या हसत होत्या. पण हे त्या खरंच करतील, हे आम्हा नऊ जणांना ठाऊक होतं.

मग मी क्लास घेतला. वही खुर्चीवर उघडी ठेवून, अगदी शिस्तीत. सर्वांत मोठा त्रास एका रिटायर्ड बस ड्रायव्हरचा. त्याला प्रत्येक हालचालीमागचं गुपित माहीत असायचं. शहात्तरावी हालचाल झाली की टीचर अर्धं पाऊल मागे घ्यायच्या आणि डावं कोपर पोटाशी आणायच्या. मी ते वहीत वेगळं नोंदवलं होतं, लाल पेनाने, कारण सगळे तेच विसरायचे.

"इथे ताकद लपवतात," ड्रायव्हर नव्या मुलीला समजावत होता. "समोरच्याला वाटतं माघार घेतली. आणि मग..." त्याने हवेत कोणालातरी आडवं केलं.

"आणि मग सत्त्याहत्तर," मी म्हटलं. "चला."

मधल्या काळात हॉलच्या कमिटीने पियानो कोणालातरी देऊन टाकला. तो ट्यून करायला कोणी येत नव्हतं. मी दिशेच्या रकान्यात पियानो खोडून 'पियानोची जागा' असं लिहिलं.

टीचर आल्या त्या काठी टेकत. खुर्ची मागितली, कोट काढला नाही. कोट न काढणं हे मी वाईट लक्षण धरलं. आम्ही सुरुवात केली. पुढची हालचाल कोणती ते मी वहीत दोनदा पाहिलं. ऐंशी लोकांच्या दिवाळी जेवणाची तयारी करतानाही माझं असं होत नाही.

शहात्तर. सगळे जण एका लयीत अर्धं पाऊल मागे, कोपरं पोटाशी. इतकं एकसारखं आम्हाला कधीच जमलं नव्हतं.

खुर्चीतून आवाज आला. मला वाटलं गुडघा दुखला. पण त्या हसत होत्या, काठीवर कपाळ टेकून.

"हे काय आहे?"

"तुमचंच आहे," मी वही पुढे केली. "लाल पेनाने लिहिलंय."

"अगं, तिथे पियानो होता! माझं कोपर आपटायचं त्याच्यावर!"

ड्रायव्हर खिडकीबाहेर बघायला लागला.

मला आमचा गणपती आठवला. आमच्याकडे तो दीड दिवसाचा. मुलगी मैत्रिणींना सांगते, आमच्या घराण्याची पद्धत आहे. सासरी पुण्याला पाच दिवसांचा असतो. इकडे आलो त्या वर्षी नवऱ्याला दोनच दिवस सुट्टी मिळाली होती, एवढंच.

टीचरचं हसू ओसरलं. "गच्चीवर पाण्याची टाकी होती," त्या सावकाश म्हणाल्या. "बगळ्यानंतर आपण किचनकडे वळतो ना... टाकी तिकडेच होती का, आठवावं लागेल." मग विचारायला आता कोणी उरलं नाही, असं काहीतरी पुटपुटल्या.

मी पेन काढलं. "खोडू?"

"वळण राहू दे. पियानोचं पाऊल खोड." त्यांनी कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. "आणि हटा सगळे. तुमच्यावर सोडलं तर पुढच्या वेळी खुर्चीलाही वळसा घालाल."

काठी बाजूला ठेवून त्या पुढे उभ्या राहिल्या आणि सत्तरपासून पुढे स्वतः करून दाखवायला लागल्या. गुडघा जपत, अर्ध्याच वाकत. आम्ही मागे. शहात्तर झालं.

टीचरनी अर्धं पाऊल मागे घेतलं. कोपर पोटाशी आलं.

हॉलभर हशा पिकला. त्या मागे न वळताच ओरडल्या, "हसू नका! सत्त्याहत्तर!"

घरी येऊन मी सहावा रकाना आखला: 'कारण'. पियानोचं पाऊल खोडलं नाही. आणि साप खाली सरकतो त्याच्यासमोर लिहिलं: टीचर अर्ध्याच वाकतात, गुडघ्यामुळे. बाकीच्यांनी पूर्ण वाकावं.

पुढच्या मंगळवारी सगळे अर्धेच वाकले. ड्रायव्हरकडे त्याचंही गुपित तयार होतं.