पाड्यावर राजा आला नाही

उत्तर मिळालं की मुलं गप्प बसतात. माझ्या वर्गातल्या एका मुलीला मात्र उत्तर मिळालं की भूक लागायची. काहीही सांगा, तिचं पुढचं वाक्य ठरलेलं, "पण मंग..." पोरांनी तिचं नावच पणमग पाडलं होतं. एकदा हजेरी घेताना माझ्याही तोंडून तेच निसटलं आणि तिनं निमूटपणे "हजर" म्हणून टाकलं.

डहाणू तालुक्यात सायवनच्या पुढे एका पाड्यावर आमची सातवीपर्यंतची शाळा. मी घाटावरचा माणूस. इतिहास शिकवायचो आणि बरा शिकवतो, असा माझा समज होता. पणमगनं तो महिन्याभरात उतरवला. लढाया आणि तह तिच्या एका कानातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडत. फौज निघाली रे निघाली की हात वर, "सर, एवढी माणसां काय जेवायची?" मी ऐटीत सांगितलं, की त्या काळी आपल्याकडे मिरची नव्हती, ती नंतर समुद्रापलीकडून आली, तोवर लोक तिखटाला मिरी वापरत. "पण मंग मिरी सायवनला कोण आणून देणार?" मला माहीत नव्हतं. तसं कबूल केलं, तर बाईसाहेब खूश!

त्या वर्षी तालुक्याच्या प्रदर्शनाला 'मध्ययुगातील दैनंदिन जीवन' हा विषय होता. बाकीची मुलं पुठ्ठ्याचे किल्ले करायला बसली. हिनं उलट्या बाजूनं सुरुवात केली. घरातली एकूण एक वस्तू वहीत लिहिली आणि एकेक खोडत गेली. काडेपेटी गेली, बॅटरी गेली, प्लॅस्टिकची बादली गेली. बटाटा, मिरची, चहा गेला. प्रत्येक वस्तूसाठी ती बापाला विचारायची, "हे तुझ्या आजाच्या घरात होतं का?" मग उरलेलं मला विचारायची आणि मी पुस्तकं धुंडाळत बसायचो. शेवटी कुडाची भिंत, चूल, जातं, भाताची कणगी, नागली, उडीद असं बरंच काही शिल्लक राहिलं. ते सगळं तिनं मातीचं आणि कारवीच्या काड्यांचं करून पाटावर मांडलं. "सर, बघा, अर्धं घर तर उरलंच की!" तिचा तो आनंद मी विसरलेलो नाही.

तिचा बाप भात-नागली करायचा आणि पीक निघालं की डहाणूकडे चिकूच्या वाड्यांत मजुरीला जायचा. मोजकं बोलणारा माणूस. "गुरुजी, ही मला शेतातपण सोडत नाय," अशी तक्रार त्यानं केली, पण तोंड हसरं होतं. आठवीला हिला तलासरीच्या वसतिगृहात घाला, असं मी म्हणताच ते हसू मावळलं. "प्रदर्शनात नंबर आणू दे, मंग बघू. नाय तर घरात कामां पडलीत." ती दारातच उभी होती. तिनं ऐकलं.

डहाणूत आमच्या शेजारच्या टेबलावर शहरातल्या एका शाळेनं मध्ययुगीन गाव मांडलं होतं. थर्माकोलचा किल्ला, घोड्यावर राजा आणि किल्ल्याच्या पायथ्याशी हिरवीगार चिकूची वाडी. डहाणूच्या माणसाला चिकूशिवाय गाव सुचतच नाही, त्यामुळे कोणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही. परीक्षक स्वतः वाडीवाले होते. पणमगच्या पाटावर नजर टाकून त्यांनी विचारलं, "यात राजा कुठाय?"

"आमच्या पाड्यावर राजा आला नाय. मी सगळ्यांना विचारलं."

ते हसले. तिनं तिथंच थांबायला हवं होतं. पण तिनं शेजारच्या टेबलाकडे बोट केलं. "सर, त्यांना चिकू काढाया सांगा. चिकू मागाहून आला. वाड्यांचे खड्डे माझ्या बापाच्या आजानं खणले."

"आमची वाडी पिढ्यान्‌पिढ्यांची आहे," परीक्षकांचा आवाज चढला. "तुझा बाप सांगेल तो काय इतिहास झाला?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी इतिहासाचा शिक्षक, मी बोलायला हवं होतं. मी पेनाचं टोपण लावत उभा राहिलो. त्याची लाज मला आजही वाटते. नंबर चिकूच्या वाडीला गेला. परतताना जीपमध्ये तिनं एकही प्रश्न विचारला नाही, ते मला फार लागलं. घरी जाऊन पुस्तकं उघडली, तर पोरगी बरोबर होती. चिकू परदेशातला, त्या काळात इथं नव्हताच.

दोन दिवसांनी तिचा बाप शाळेत आला. मी म्हणालो, "नंबर नाही आला. चूक माझी आहे, मी गप्प बसलो."

"तिनं सांगितलं मला," तो म्हणाला. "पण खड्डे माझ्या आजानंच खणले. ती खरंच बोलली." निघताना म्हणाला, "गुरुजी, तिला सांगाया आमच्या घरात आता कोणाकडं काय उरलं नाय. तिला तलासरीला घाला."

जूनमध्ये मीच तिला वसतिगृहात सोडून आलो. फाटकाशी तिनं मला विचारलं, "सर, तुमच्या बापाचा आजा काय करायचा?" बघून सांगतो, म्हणालो. त्या संध्याकाळी मी गावी वडिलांना फोन लावला. पणजोबांबद्दल विचारायला तोंड उघडलं, तेव्हा लक्षात आलं, की मला त्यांचं नावसुद्धा ठाऊक नाही.