रजिस्टरात कूड, डोक्यावर स्लॅब

घरपट्टी कमी करा म्हणणारी माणसं पोत्यानं मिळतील, पण घरपट्टी वाढवा म्हणून ग्रामपंचायतीच्या पायऱ्या झिजवणारं माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात एकच आहे, आणि ते आमच्या दारासमोर राहतं. आमची समोरची काकी. पेणहून रोह्याकडं येताना कासूला उतरायचं आणि रिक्षावाल्याला नुसतं 'डबेवाल्या काकीकडं' म्हणायचं. तो तुम्हाला दारात सोडतो आणि स्वतःही उतरतो, कारण त्याचंही जेवण तिच्याकडंच असतं. डोलवीच्या कंपनीत ठेकेदाराकडं कामाला आलेल्या बाहेरगावच्या पोरांना काकी डबे पुरवते. वीसेक वर्षं झाली. पोरं बदलली, ठेकेदार बदलले, टेम्पोवाले तर किती बदलले, काकीचं वालाचं बिरडं तेच राहिलं. एखादा पोरगा खोकतोय असं कानावर आलं की त्याच्या डब्यात न सांगता सुंठीची पुडी पडते, आणि कुणी डबा न धुता परत पाठवला तर दुसऱ्या दिवशी भाताच्या जागी घासणी निघते.

या डब्यांवर काकीनं घर बांधलं. एकदम नाय, खोली खोली करून. काका मिठागरावर कामाला होते, ते लवकर गेले, त्यानंतरचं सगळं तिनं एकटीनं उभं केलं. त्यामुळं त्या घरात हॉल, किचन, बेडरूम असलं काही नाय. पुढची मोठी खोली 'फर्स्ट शिफ्ट', कारण ती फर्स्ट शिफ्टच्या डब्यांवर झाली. मागची पडवी 'नाईट'. कंपनीत एकदा मोठं शटडाऊन लागलं, मेंटेनन्सला ढिगानं माणसं आली, काकीचे डबे तिपटीनं वाढले आणि त्यातून गच्चीवर जायचा जिना झाला, म्हणून जिन्याचं नाव 'शटडाऊन'. बाथरूम म्हणजे 'ओव्हरटाईम'. नव्या माणसाचा फार गोंधळ होतो. आमच्या आत्याच्या नवऱ्यानं एकदा काकीला विचारलं, पोरगी दिसत नाय कुठं, तर काकी म्हणाली ओव्हरटाईमला गेलीय. त्यांनी आठवडाभर पोरगी कंपनीत लागली म्हणून रोह्यापर्यंत सांगितलं.

आणि या घरात पाणी प्यायला गेलेला माणूस गच्ची बघितल्याशिवाय सुटत नाय. गॅसवाल्यानं खांद्यावर सिलेंडर घेऊन अख्खं घर बघितलंय. मतं मागायला आलेल्या एका उमेदवाराला तिनं स्लॅबवर उड्या मारायला लावल्या होत्या. मारा की, घाबरता कशाला, बारा एमएमची सळई हाय, असं ती खालून सांगत होती आणि तो बिचारा एका मतासाठी वर उडत होता.

आता असलं घर ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात काय म्हणून होतं, तर 'कूड, छप्पर गवती'. म्हणजे कारवीच्या काठ्यांना शेणमाती लिंपून केलेल्या भिंती आणि वर पेंढा. काका-काकी भावांपासून वेगळे निघाले तेव्हा तसलं घर होतं, तसं कुणीतरी लिहिलं. पुढं लिहिणारे बदलत गेले, लिहिलेलं तसंच राहिलं. काकीला पत्ताच नव्हता. ती आपली दरवर्षी घरपट्टी भरून पावती मिसळणाच्या डब्याखाली ठेवायची.

कळलं ते पोरीला बघायला पाहुणे आले तेव्हा. खांब गावचं स्थळ होतं. मुलाचा मामा फार जपून पाऊल टाकणारा माणूस. येतानाच त्यानं आमच्या ग्रामपंचायतीतून काकीच्या घराचा उतारा काढून आणला होता. फर्स्ट शिफ्टमध्ये पंख्याखाली बसून, टाईल्सवर पाय पसरून त्यानं दोन बशा पोहे खाल्ले. मग खिशातून कागद काढला, वाचला, वर स्लॅबकडं बघितलं, परत कागदाकडं बघितलं, आणि देवळात बोलावं तसं हळू विचारलं, "बाई, हे घर कुणाचं मागून घेतलंत?"

त्याला वाटलं, बघण्यापुरतं घर उसनं आणलंय. काकीनं मग त्याला शटडाऊन चढवला, नाईट दाखवली, सळईचे एमएम सांगितले. मामा मान डोलवत राहिला, पण नजर कागदावर. गेले ते गेलेच. पोरीनं हसून सोडून दिलं, पुढं तिला रोह्यातलं चांगलं स्थळ मिळालं, आज ती तिथं मजेत आहे. काकी मात्र हसली नाय. त्या दिवसापासून तिला एकच गोष्ट पाहिजे होती: रजिस्टरात तिचं घर पक्कं लिहिलेलं.

तेवढ्यात फेरआकारणी आली. काही वर्षांनी एकदा ग्रामपंचायतीची माणसं टेप घेऊन दारोदार घरं मोजतात आणि त्यावरून नवी घरपट्टी ठरते. त्या सकाळी आमचं गाव दोन तासांत गरीब होतं. एसीवर गोधड्या पडतात, टाईल्सवर गोणपाटं पडतात, गल्फच्या पैशानं चढवलेल्या मजल्याला लोक पेंढा ठेवायचा माळा म्हणतात. आमच्या पप्पांनी वरच्या खोलीला निळी ताडपत्री गुंडाळून ते कोंबड्यांचं खुराडं आहे असं सांगायचं ठरवलं, आणि मला आत बसवलं. मला लहानपणापासून नकला येतात, त्याचा घरच्यांना झालेला हा पहिला उपयोग. मी पाच गावठी कोंबड्या आणि एक खुडूक असा आवाज दिला. खुडूक तर अशी जमली की ग्रामसेवक भाऊसाहेब खाली थांबून पप्पांना म्हणाले, एक बसायला आलीय, अंडी ठेवा तिच्याखाली.

समोर काकीनं दारात रांगोळी घातली होती आणि फाटक सताड उघडं. टेपचं एक टोक तिनं स्वतः धरलं. मोजणाऱ्यानं ओव्हरटाईम सोडला तर त्याला हाताला धरून मागं आणला. कुत्र्याच्या घराला उरलेल्या लाद्या लावल्या होत्या, ते पण मोजा म्हणाली. सगळे निघून गेल्यावर तिनं ताडपत्रीच्या फटीतून दिसणारं माझं नाक ओळखलं आणि म्हणाली, "ए खुडूक, तुझ्या खुराड्याचा एसी बंद कर. खाली पाणी ठिबकतंय." टेपवाल्यांसमोर मात्र आमच्या घराबद्दल एक शब्द काढला नव्हता. ज्याचं घर त्यानं सांगावं, असं तिचं असतं.

महिन्याभरानं नवी यादी बोर्डावर लागली. काकीच्या घरापुढं काय? कूड, छप्पर गवती. यादी कॉम्प्युटरवर उतरवणाऱ्यानं जुन्या रजिस्टराची नक्कल मारली होती, टेप गेली उडत. यादीवर हरकत घ्यायला मुदत असते. काकी कोरा कागद घेऊन माझ्याकडं आली, कारण माझं अक्षर बरं आहे. 'विषय: घरपट्टी फार कमी लावल्याबद्दल तक्रार' असं मी माझ्या हातानं लिहिलं.

ही बातमी फुटली आणि संध्याकाळी पप्पांसकट सात-आठ जण काकीच्या ओट्यावर जमले. वहिनी, तुमच्यासाठी साहेब परत टेप घेऊन आला तर आमच्या ताडपत्र्या उडतील, असं सगळ्यांचं म्हणणं. फायद्यातच आहात, गप बसा. पप्पांनी तर सुचवलं की बाहेर 'पक्के घर' अशी पाटी लावून टाका, विषय संपला. काकीनं सगळ्यांना चहा दिला.

"भावजी," ती पप्पांना म्हणाली, "तुमचा पोरगा पास झाला आणि दाखल्यावर कुणी नापास लिवलं, तर पुढची फी वाचली म्हणून गप बसाल?"

पप्पांनी माझ्याकडं बघितलं. माझा दाखला हा आमच्या घरात तसा नाजूक विषय आहे. ते बशीतला चहा संपवून उठले, आणि बाकीचे त्यांच्या मागं.

सुनावणीच्या दिवशी रांग लागली. एकेक जण आत जाऊन आपलं घर लहान करून येत होता. शेवटी काकी, बरोबर मी. भाऊसाहेबांची नक्कल मी झकास करतो, चष्मा कपाळावर आणि 'बघतो ना, बघतो'. पण त्या दिवशी त्यांचा चेहरा नक्कल करण्यापलीकडं गेला होता. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, उलटा करून मागं काही आहे का ते बघितलं, आणि म्हणाले, काकी, कमी करायला रकाना आहे, वाढवायला नाय.

"मग हातानं आखा," काकी म्हणाली. "वीस वर्षं भाकऱ्या थापल्या त्या काय कुडात थापल्या? उद्या मी मेले तर तुमच्या कागदावर झोपडीत मेले. माझ्या पोरीनं तोच कागद बघायचा?"

भाऊसाहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. बघतो म्हणाले नाय. दुसऱ्या दिवशी सकाळी टेप घेऊन एकटेच आले, आमच्या ताडपत्रीकडं पाठ करून उभे राहिले आणि काकीचं घर पायापासून मोजून गेले.

पंधरा दिवसांनी बोलावणं आलं. नव्या उताऱ्यावर स्वच्छ छापलेलं: पक्के, आरसीसी. घरपट्टी कितीतरी पटीनं वाढलेली. काकीनं ती तिथल्या तिथं भरली, माझ्याकडून उतारा दोनदा मोठ्यानं वाचून घेतला आणि त्या खुशीत शिपायाला आठवडाभराचा डबा फुकट लावून टाकला. मी म्हटलं, चला आता. पण ती खुर्चीवरून उठेना.

"भाऊसाहेब, आधीचं कुठं गेलं? ते कूड लिवलेलं?"

भाऊसाहेब हौसेनं म्हणाले, ते काढून टाकलं काकी, आता कॉम्प्युटरला फक्त नवं दिसणार. मग काकीनं हातानं लिहिलेल्या जुन्या रजिस्टराबद्दल विचारलं. ते कपाटात पडलं असेल, आता कुणाला लागत नाय, असं ते म्हणाले.

"मला लागतं. त्या पानाची झेरॉक्स द्या."

शिपायानं तासभर कपाट उपसलं. शेवटी एक लांबडं रजिस्टर निघालं, कडा वाळवीनं खाल्लेल्या. निळ्या शाईत काकांचं नाव आणि पुढं कूड, छप्पर गवती. झेरॉक्स हातात आल्यावर काकीनं नवा उतारा मला धरायला दिला, आणि जुन्याच्या चार घड्या करून तो कमरेच्या पिशवीत ठेवला.

येताना शेताचा बांध लागला. तिथं काकी आपणहून सांगायला लागली. ते घर दोघांनी मिळून बांधलं होतं, लग्नाच्या वर्षी. काका वर छपरावर बसायचे, ती खालून पेंढ्याच्या जुड्या फेकायची. काका मुद्दाम झेल सोडायचे, म्हणजे तिला परत फेकावी लागायची. दोन दिवसांचं काम आठवडाभर चाललं होतं.

"ते घर आता कुठंच नव्हतं रे," ती म्हणाली. "पंचायतीच्या रजिस्टरात तेवढं उभं होतं."

मी म्हटलं, भारी असणार काकी ते घर.

"भारी कसलं. आषाढात नुसतं गळायचं. एकच कोपरा कोरडा, तिथं आम्ही दोघं पाय पोटाशी घेऊन बसायचो." थोडं पुढं गेल्यावर ती कमरेची पिशवी चाचपत म्हणाली, "ते काय ह्या कागदात लिवलेलं नाय."